भयरेषेखालचे अकरा सेकंद

सारिका सोनटक्केला घाबरवण्यासाठी सरकारने चार माणसं आणि एक पितळी परात नेमली होती.

पुण्यातल्या त्या सरकारी प्रयोगशाळेत, तिच्या वकिलांनी मागितलेल्या चाचणीसाठी, सकाळी अकराला तिला एका टेबलापुढे उभं केलं. टेबलावर कांबळं, कांबळ्यावर चादर, पाण्याची वाटी आणि जड इस्त्री. बार्शीतल्या तिच्या दुकानासारखं दिसावं म्हणून कुणीतरी मनापासून खपलं होतं. पण कांबळ्यावर एक डाग नव्हता, कडेला कुठे करपलेलं नव्हतं. नव्या सुनेसारखं ते टेबलावर अवघडून पडलं होतं.

"सारिकाताई, आधी नुसत्या उभ्या राहा," डॉ. नचिकेत पुंडे म्हणाले. मेंदूचे डॉक्टर, वय पस्तिशीचं, डोळ्यांखाली काळं. "मध्येच आम्ही काहीतरी करू."

"काय करणार?"

"ते सांगितलं तर काय उपयोग?"

ती उभी राहिली. पाठीमागे परात फरशीवर आदळली आणि तिच्या तोंडून "अगं बाई गं!" निघालं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उसळला. एकोणऐंशी. मग दिवे गेले, हेल्मेट घातलेला एक धटिंगण दारातून ओरडत आत घुसला. चौऱ्याऐंशी.

"आता शर्ट घ्या. इस्त्री करा."

तिने पाणी शिंपडलं, इस्त्री उचलली, कॉलरपासून सुरुवात केली. परात पुन्हा आदळली. तिचे खांदे हलले, पण इस्त्री सरळ जात राहिली. दिवे गेले, हेल्मेटवाला आला, अगदी कानाशी येऊन ओरडला. तिने इस्त्री टाचेवर उभी केली, शर्ट उलटा केला, पुन्हा इस्त्री घेतली.

पडद्यावर एकोणतीस.

हेल्मेटवाल्याने हेल्मेट काढलं. आत एक घामाघूम कारकून होता. "डॉक्टर, अजून किती वेळा ओरडू? घसा बसला माझा."

"पुरे," पुंडे म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "मिळालं."

सारिकाच्या उजव्या कानामागे रुपयाएवढी एक चकती होती. तिचं सरकारी नाव 'सोबत'. ज्यांच्यावर एकदा हल्ला झालाय आणि हल्ला करणारा मोकळा फिरतोय, त्यांना ती मिळते. घाम, नाडी आणि कातडीखालून जाणवणारी मेंदूतल्या विजेची बारीक थरथर वाचून ती एकच आकडा काढते, शून्य ते शंभर. आकडा सत्तरच्या वर गेला की मदत केंद्राला आपोआप कळतं. बाईने ओरडायला नको, बटण दाबायला नको. तिने फक्त घाबरायचं, पुढचं यंत्र बघतं.

कल्पना चांगलीच होती. मग वकिलांच्या लक्षात आलं, की घाबरणं मोजता येतं म्हणजे न घाबरणंही मोजता येतं. तीन वर्षांपूर्वी कायद्यात दुरुस्ती झाली. पीडित माणसाने उलटून वार केला, तर वाराच्या क्षणी आकडा साठच्या वर होता का, तेवढं बघायचं. साठ ही भयरेषा. वर असेल तर तो बचाव. खाली असेल तर डोकं ठिकाणावर होतं, म्हणजे गुन्हा. वर्षानुवर्षं तुंबलेले खटले भराभर निकाली निघू लागले आणि सगळे खूश झाले.

सारिकाचा आकडा त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी होता. तो एकाएकी कोसळून एकतीसवर आला, अकरा सेकंद तिथेच राहिला, आणि मग तिने शौर्य भालेकर नावाच्या माणसाच्या डोक्यात तापलेली इस्त्री घातली.

"भीती गेली नव्हती, ताई," पुंडे तिला समजावत होते. "तुम्ही तीस वर्षं हे काम करताय. सायकल शिकताना आपण प्रत्येक गोष्ट ठरवून करतो, मग कधीतरी ठरवणं बंद होतं आणि पायच सायकल चालवतात. ते काम मेंदूच्या पुढच्या भागाकडून आतल्या भागाकडे जातं. हा आतला भाग चालू झाला की तो भीतीचा आवाज दाबतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांमध्ये मी हे पाहिलंय, घाटातल्या बसचालकांमध्ये पाहिलंय. तुमच्या हातात इस्त्री आली की आकडा पडतो. त्याचा तुम्ही काही ठरवण्याशी संबंध नाही."

"म्हणजे मी मारलं नाही?"

"तुमच्या हाताने मारलं. तुम्हाला कळायच्या आत."

ॲडव्होकेट गार्गी बेंद्रे, तिची वकील, खुर्चीतून उठलीच. बेंद्रे सारिकाच्या लेकीहून सातआठ वर्षांनी मोठी. तिच्या काळ्या कोटाच्या बाह्यांवर नेहमी दोन दोन घड्या असायच्या, आणि त्या बघून सारिकाचा हात शिवशिवायचा. "काकू, सुटलात! न्यायाधीश तुम्हाला विचारतील, त्या अकरा सेकंदांत मनात काय होतं. तुम्ही तीन शब्द म्हणायचे. मला आठवत नाही. संपलं."

"आणि मग?"

"मग निर्दोष. फक्त एक अट लागेल. साधनबंदी. हाताने आपोआप वार केला असं आपणच म्हणतोय, तर तो हात पुन्हा त्या वस्तूला लावता येत नाही. फिट येणाऱ्याचं गाडीचं लायसन काढून घेतात ना, तसं. इस्त्री सोडायची. एवढंच."

"एवढंच," सारिका म्हणाली, आणि प्रयोगशाळेचा शर्ट तिने घडी घालून ठेवला. बटणं लावून, कॉलर वर.

*

शौर्य भालेकर. आईबापांनी केवढ्या हौसेने नाव ठेवलं असेल.

हा शौर्य तिच्या लेकीच्या मागे दीड वर्ष होता. आर्वीने नाही म्हटलं, मग पुन्हा नाही म्हटलं, मग नाशिकला शिकायला गेली आणि पत्ता कुणाला दिला नाही. तेव्हा तो सारिकाच्या दुकानात आला. पत्ता दे म्हणाला. तिने दिला नाही. त्याने तिचा डावा हात उंबऱ्यावर धरून त्यावर शटर ओढलं. एकदा, आणि मग सावकाश, दुसऱ्यांदा. तीन बोटं मोडली. समोरच्या दुकानांच्या दारांत माणसं उभी होती, ती उभीच राहिली. त्याला पाच वर्षं शिक्षा झाली, अपील झालं, अपिलात जामीन झाला, आणि सारिकाच्या कानामागे चकती लागली.

मग एप्रिलमध्ये, दुपारी चारला, तो पुन्हा आला. हातात शर्ट होता.

"काकू, एवढी इस्त्री करून द्या. गावाला जायचंय."

तिने शर्ट घेतला. का घेतला, असं सरकारी वकिलांनी नंतर चारदा विचारलं. समोर कापड आलं की ती घेते, याहून दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तोवर आकडा ब्याऐंशी झाला होता आणि कानात केंद्रातल्या बाईचा गोड आवाज आला होता: घाबरू नका, पथक बावीस मिनिटांत पोहोचेल.

"सहाची गाडी आहे नाशिकची," शौर्य म्हणाला. तो काउंटरला रेलून उभा होता, दुकान आपलंच असल्यासारखा. "गंगापूर रोडला मेस आहे ना, तिच्या वरची खोली. खिडकीत कुंडी ठेवलीये तिने. तुळस वाटते. काही निरोप सांगू का?"

अठ्ठ्याऐंशी.

मग तो पाठ वळवून मोबाईलवर गाडी बघू लागला. तिने इस्त्री उचलली, कॉलरवर टेकवली. आणि मग ते अकरा सेकंद.

त्याचा डावा डोळा गेला. कानापासून मानेपर्यंत कातडं भाजलं. पथक बावीस मिनिटांऐवजी एकोणीस मिनिटांत आलं, आणि सारिकाला घेऊन गेलं.

*

सुनावणीआधीच्या रविवारी आर्वी घरी होती. दुकानाला सील होतं, वरच्या दोन खोल्यांत दोघी. सोमवारी कोर्टात घालायचा आर्वीचा पांढरा कुर्ता सारिका घरातल्या छोट्या इस्त्रीने करत होती.

"बाह्यांना धार हवी का गं?" तिने विचारलं आणि इस्त्री हातात धरूनच वळली.

आर्वी दोन पावलं मागे सरकली.

"काय झालं?"

"काही नाही. पंखा लावत होते."

पंखा चालूच होता. सारिकाने इस्त्री उभी केली आणि हात पदराला पुसले. कालपासून लेक तिच्या हातून चहाचा कप घेत नव्हती. ओट्यावर ठेव म्हणायची. तेव्हा वाटलं होतं, प्रवासाने दमली असेल.

"अहवाल वाचलास तू."

"बेंद्रे मॅडमनी पाठवला." आर्वी खाटेवर पाय वर घेऊन बसली. "आई, त्यात लिहिलंय की इस्त्री हातात असली की तू तिथे नसतेसच. हातच करतो सगळं."

"मी तिथेच असते. तीस वर्षं तिथेच उभी आहे. पाय दुखतात, त्यावरून कळतं."

आर्वी हसली नाही. "खालच्या निकमकाकू काल म्हणाल्या, बिचारीच्या हातात काहीतरी शिरतं. नातवाला जिन्यावरून खाली घेऊन गेल्या मी बघते बघते तोवर."

"निकमवहिनींचं काय ऐकतेस? शटरखाली माझा हात होता तेव्हा त्या दारात उभ्या राहून कैरी खात होत्या."

"पण खरंय का ते? तुला कळलंच नाही?"

सारिकाने कुर्त्याची दुसरी बाही पसरली. आर्वी टॅबवर दोषारोपपत्र वरखाली करत बसली, बोलायला काही नसलं की मुलं करतात तसं.

मग तिचा अंगठा थांबला.

तिने फोटो मोठा केला. पंचनाम्यातली जप्त इस्त्री, खाली तीनचार वाक्यं. मग दुसरा फोटो, टेबलाच्या कडेला व्यवस्थित बाजूला ठेवलेला, कॉलरवरून इस्त्री फिरलेला शर्ट. ही मुलगी त्या टेबलाखाली रांगत मोठी झाली होती. सहा वर्षांची असताना गिऱ्हाइकाच्या गाठोड्यातलं कापड चिमटीत धरून सांगायची, हे सुती, हे टेरिकॉट.

"आई. हा शर्ट टेरिकॉटचा आहे."

"हो."

"टेरिकॉट दोनवर करतात."

"हो."

"इस्त्रीचं बटण पाचवर आहे."

सारिकाने इस्त्रीची वायर काढली. आता कुर्ता होणार नव्हता.

"पाचवर ठेवली असती तर शर्ट वितळून इस्त्रीला चिकटला असता," आर्वी हळूहळू म्हणाली, गणित सोडवावं तशी. "शर्ट तर नीट आहे. म्हणजे शर्ट बाजूला ठेवला, मग बटण फिरवलं."

"हो."

"तू फिरवलंस."

"दुकानात आणखी कोण होतं?"

"हे कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"पंच कोण होते? एक रसवंतीवाला आणि एक झेरॉक्सवाला. त्यांनी आकडा लिहिला, पाच. आणि सरकारी वकील घोलप, त्यांचे कपडे रात्रभर गादीखाली ठेवून सपाट करतात गं, कॉलरवरून कळतं."

या वेळी आर्वीच्या तोंडून काहीतरी निघालं, हसू की हुंदका ते तिलाही कळलं नसेल. ती खाटेवरून उठली आणि आईला चिकटून उभी राहिली. कालपासून पहिल्यांदा.

"म्हणजे तू तिथे होतीस," ती म्हणाली.

"होते."

मग आर्वीने आईचे दोन्ही दंड धरले आणि आवाज एकदम खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. बेंद्रे मॅडमनासुद्धा नाही. उद्या तीन शब्द म्हण आणि घरी ये. इस्त्री गेली खड्ड्यात. मी नोकरी करीन, आपण नाशिकला राहू."

"दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे ना गं याला?"

"म्हणूनच सांगतेय!"

"आणि निकमवहिनींच्या नातवाला?"

"काय निकमवहिनींच्या नातवाला?"

"त्याला काय सांगायचं? की काकूच्या हातात शिरतं काहीतरी, पण तुला नाही मारणार, घाबरू नकोस?"

"आई, तो तीन वर्षांचा आहे! त्याच्यासाठी तू तुरुंगात जाणार?"

"मी कुठे म्हटलं जाणार आहे म्हणून."

"मग म्हण ना, नाही जाणार!"

सारिकाने लेकीचे हात सोडवले. लेकीच्या बोटांचे ठसे तिच्या दंडावर दुपारपर्यंत होते.

*

कोर्टात शौर्य तिच्याआधी येऊन बसला होता. काळा चष्मा, शेजारी त्याची आई. तिला सारिकाने आजवर पाहिलं नव्हतं. तिच्यासारखीच, तिच्याच वयाची, पायांत तसल्याच चपला. ती मुलाच्या मानेवर रुमालाने काहीतरी टिपत होती. त्या बाजूची मान अजून ओली राहायची.

सारिकाने आठ महिन्यांत स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एकही त्या रुमालापुढे टिकेना. त्याला थांबवल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. कितीही शोधलं तरी वाटत नव्हतं. पण त्याची पाठ होती. आणि थांबवायला दोनवरची इस्त्रीही पुरली असती.

डॉ. पुंड्यांची साक्ष दीड तास चालली. पडद्यावर आलेख, परातीचा आवाज, हेल्मेटवाला. घोलपांनी उलटतपासणीत बरंच आपटून बघितलं, पण परात काही त्यांच्या बाजूने वाजेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे हल्ला कुणी केला? बाईंनी की इस्त्रीने?"

"सवयीने," पुंडे म्हणाले. "त्या कृतीत सारिकाताई नव्हत्याच, असं विज्ञान सांगतं."

बेंद्रे मागे वळून सारिकाकडे बघून किंचित हसली. झालंच, असं ते हसू होतं. आर्वी दुसऱ्या रांगेत होती, अर्धी बाही चुरगळलेला कुर्ता घालून.

न्यायाधीश बाई साठीच्या होत्या. कमी बोलायच्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सारिकाबाई, आलेख तुम्ही पाहिलात, डॉक्टरांचं म्हणणं ऐकलंत. त्या अकरा सेकंदांत तुमच्या मनात काय होतं, ते सांगायचं असेल तर सांगा. नसेल सांगायचं तर तसं म्हणा. तो तुमचा हक्क आहे."

तीन शब्द. ते तिने न्हाणीघरात म्हणून बघितले होते, रिक्षात म्हणून बघितले होते. जिभेवर अगदी तयार होते. बेंद्रेचे ओठ तिच्यासाठी हलतही होते.

"मला आठवतं," सारिका म्हणाली.

बेंद्रे उठून उभी राहिली. "मॅडम, माझ्या अशिलाला थोडा वेळ—"

"बस गं," सारिका तिला म्हणाली, घरात म्हणावं तसं, आणि बेंद्रे खरंच बसली.

"मॅडम, डॉक्टरांचं चुकलं असं नाही. इस्त्री हातात आली की माझा जीव थंड होतो हे खरंय. नाहीतर तीस वर्षांत शंभरदा भाजले असते. पण जीव थंड झाला म्हणजे मी निघून गेले, असं नाही. उलट तेवढ्या वेळात मला सगळं स्पष्ट दिसतं."

टंकलेखकाने घाईने लिहायला सुरुवात केली. न्यायाधीश बाईंनी हात वर करून त्याला सावकाश असं सांगितलं.

"तो वळला. आधी माझ्या मनात आलं, आर्वीला फोन करावा. पण तिचा पेपर होता, फोन बंद असणार. मग ती बावीस मिनिटं आठवली. बावीस मिनिटांत तो स्टँडवर पोचतो. मग वाटलं ओरडावं. बाहेर बघितलं. समोरच्या दारात माणसं होती. मागच्या वेळचीच होती. म्हणजे ओरडून झालेलं होतं. त्याला जाऊ द्यावं आणि मागून पोलिसांत जावं, असंही आलं मनात. पण त्याला तिची कुंडी माहीत होती. तुळस आहे हे माहीत होतं." तिला पाणी हवं होतं, पण मागितलं तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नव्हती. "हे सगळं भरभर होतं. सहा सेकंद, सात. मग मी शर्ट उचलून बाजूला ठेवला. कापडावर इस्त्री ठेवून मी कधी दुसरं काम करत नाही."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मी बटण फिरवलं. दोनवरून पाचवर."

घोलपांनी मान वर केली. त्यांना अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी मिळालंय एवढं कळलं होतं. न्यायाधीश बाईंना कळलं. त्या घरी स्वतः इस्त्री करत असाव्यात. त्यांनी कागदांतून फोटो काढला, बघितला, खाली ठेवला.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"त्याला जास्त लागावं म्हणून. तेवढ्यात ती काही पाचवर तापत नाही, मिनिट तरी जातं. मला ते माहीत होतं. तरी फिरवलं." सारिकाने पहिल्यांदा शौर्यच्या आईकडे बघितलं. "वार मी आर्वीसाठी केला, मॅडम. त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. बटण मी माझ्यासाठी फिरवलं. ह्या तीन बोटांसाठी. ते आर्वीच्या खात्यावर टाकायचं नाही, यंत्राच्या नाही, आणि हाताच्याही नाही. हात बिचारा सांगितलं ते करतो."

"तुम्हाला त्या वेळी भीती वाटत होती का?"

"दोन वर्षं रोज वाटत होती. भाजी घेताना, आंघोळीला जाताना. तेव्हा मी काही केलं नाही, कुणाला नखसुद्धा लावलं नाही. तुमच्या कायद्याने त्या दोन वर्षांत मी त्याला कधीही मारलं असतं तरी चाललं असतं. ज्या अकरा सेकंदांत मला नीट विचार करता आला, तेवढेच चालत नाहीत." ती थांबली. "नाही चालत तर नाही चालू देत. पण मी तिथे होते एवढं लिहा."

मग शौर्यची आई, कुणाकडेच न बघता, मोठ्याने म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं. जाऊ नको म्हणून सांगितलं होतं." शौर्यने तिचा हात झटकला.

आठ दिवसांनी निकाल आला. न्यायाधीश बाईंनी दोन्ही आलेख, पोलिसांचा आणि पुंड्यांचा, बाजूला ठेवले. आरोपीने स्वतःहून सगळं सांगितलं आहे, तेव्हा तिच्या मनात काय होतं ते यंत्राला विचारण्याची गरज या न्यायालयाला वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं. मुलीला वाचवण्याचा हक्क मान्य केला. तो ओलांडला गेला हेही मान्य केलं. तीन वर्षं. साधनबंदी नाही. शौर्यचा जामीन त्याच दुपारी रद्द झाला.

घोलप म्हणाले, ते वर अपील करतील. पुंडे म्हणाले, आपणही करायला हवं. विज्ञानावर असा अविश्वास बरा नव्हे, असं ते बराच वेळ जिन्यात उभं राहून बेंद्रेला सांगत होते, आणि बेंद्रे नाक पुसत भिंतीकडे बघत होती.

हवालदार बाईंनी चकती काढून घेतली, पाकिटात टाकली, वर नंबर लिहिला. कानामागची जागा एकदम गार लागली.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मी इकडे बघत नाही."

आर्वी समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, जबडा आवळलेला. ती तिच्या बापावर गेली होती. तोही रागावला की आधी गप्प बसायचा.

"तीन वर्षं, आई."

"दहा म्हणाले होते."

"विनोद करू नकोस. घरी जायचं होतं आपल्याला. तीन शब्द होते फक्त."

"माहितेय."

"मला विचारलंसुद्धा नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." सारिकाने तिच्या कुर्त्याची चुरगळलेली बाही ओढून सरळ करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "सगळीकडे सांगत फिरतेस ना तू, माझ्यामुळे आईच्या हातून असं झालं म्हणून? बेंद्रे म्हणाली मला. आता नाही सांगायचं. कोर्टाने लिहून दिलंय, मी ठरवून केलं. तुझा काही संबंध नाही."

आर्वी बघत राहिली. जबडा हळूहळू सुटत गेला. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. हवालदार बाई अजून इकडे बघत नव्हत्या.

"तुला भीती वाटतेय का?" आर्वीने विचारलं.

आत्ता भीती वाटतेय का, असं दोन वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळे पडद्याकडे बघायचे.

"हो," सारिका म्हणाली. "खूप वाटतेय. जवळ ये."